माझ्या पानावर दुसऱ्याचं नाव कसं?

प्रश्न: आम्ही काही मित्र मिळून एक मराठी त्रैमासिक चालवतो. छापील अंकासोबत वर्डप्रेसवर आमचं संकेतस्थळही आहे, तिथे वर्गणीदार लॉगिन करून जुने अंक वाचतात. दिवाळीत एका लेखाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवर फिरला आणि साइट दिवसभर बसली. मग ओळखीच्या एकाने क्लाउडफ्लेअर जोडून दिलं आणि ‘सगळं कॅशे कर’ असा नियम लावला. साइट पळू लागली, पण लेखात दुरुस्ती केली तरी वाचकांना जुनाच मजकूर दिसतो, संपर्काचा अर्ज कधी जातो तर कधी जात नाही, आणि परवा एका वर्गणीदाराला ‘माझे खाते’ या पानावर दुसऱ्याच वर्गणीदाराचं नाव आणि पत्ता दिसला. आमची साइट हॅक झाली आहे का?

उत्तर: हॅक झालेली नसावी. पण कारणमीमांसा नंतर, आधी दोन कामं करा. क्लाउडफ्लेअरच्या खात्यात जाऊन तो नियम बंद करा आणि लगेच ‘पर्ज एव्हरीथिंग’ दाबून साठलेल्या सगळ्या प्रती पुसून टाका. क्रम हाच ठेवा. आधी पुसून मग नियम बंद केलात, तर मधल्या काही सेकंदांत कुणाचं तरी पान पुन्हा साठू शकतं. साइट मंदावेल, मंदावू द्या.

आता झालं काय ते बघू. वर्डप्रेसचं पान ही कुठेतरी ठेवलेली तयार फाइल नसते. मागणी आली की पीएचपीचा प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून मजकूर काढतो, त्याला मेनू आणि प्रतिक्रिया जोडतो आणि पान रचून देतो. एकच लेख शंभर जणांनी मागितला तर हा सगळा खटाटोप शंभर वेळा होतो. दिवाळीत तुमचा सर्व्हर याच ओझ्याखाली बसला. कॅशे हा खटाटोप वाचवतो. पहिल्या वाचकासाठी रचलेलं पान तो साठवतो आणि पुढच्यांना तीच प्रत देतो. क्लाउडफ्लेअर ही प्रत तुमच्या सर्व्हरच्या पुढे, वाचकाला जवळ पडेल अशा केंद्रात ठेवतं, त्यामुळे बहुतेक मागण्या तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत.

लेख सगळ्यांना सारखा, तिथे हे बिनघोर चालतं. ‘माझे खाते’ हे पान मात्र प्रत्येकाचं वेगळं. लॉगिन केलेल्या वाचकाचा ब्राउझर मागणीसोबत एक कुकी पाठवतो आणि ती वाचून वर्डप्रेस माणूस ओळखतो. कॅशेचं तसं नाही. तो साठवलेली प्रत शोधतो ती पत्त्यावरून: साइटचं नाव, पानाचा मार्ग आणि प्रश्नचिन्हापुढची शेपटी. वेगळं सांगितल्याशिवाय कुकी त्याच्या हिशोबातच नसते. तुमच्याकडे हेच घडलं असणार. एका वर्गणीदाराने आपलं खातं उघडलं, ते पान साठलं, आणि मुदत संपेपर्यंत तोच पत्ता मागणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळत राहिलं. कोऱ्या अर्जाच्या झेरॉक्स वाटायच्या आणि त्यात कुणीतरी भरून दिलेल्या अर्जाच्या झेरॉक्स वाटल्या जाव्यात, असा हा प्रकार.

यात वर्डप्रेसचा दोष नाही. लॉगिन केलेल्या माणसाला पान देताना ते हेडरमध्ये ‘हे साठवू नका’ असं लिहून पाठवतं. क्लाउडफ्लेअरही आपण होऊन चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट अशाच फाइल साठवतं, पानाचा एचटीएमएल साठवत नाही. तुमच्या नियमाने ही दोन्ही कुंपणं काढून टाकली. ‘सगळं साठव’ म्हणताना त्यातच ‘मूळ सर्व्हर काय सांगतो ते सोड, अमुक तास ठेवच’ अशीही निवड झालेली असणार. ती एकदा जाऊन तपासा.

हे मोठमोठ्यांच्याही हातून झालं आहे. २०१५ च्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या संगणक-खेळांच्या दुकानावर बनावट मागण्यांचा मारा सुरू झाला. एरवीच्या सेलच्या गर्दीच्या मानाने वाहतूक २००० टक्क्यांनी वाढली, असं कंपनीने नंतर सांगितलं. मारा झेलण्यासाठी त्यांच्या कॅशे पुरवठादाराने घाईने नियम बदलले. दुसऱ्या लाटेच्या वेळी लावलेल्या नियमात चूक होती, लॉगिन केलेल्या लोकांची पानंही साठू लागली. सुमारे दीड तास लोकांना भलत्याचीच खाती दिसत होती: बिलाचा पत्ता, ईमेल, खरेदीचा इतिहास, क्रेडिट कार्डाचे शेवटचे दोन आकडे. कंपनीच्या हिशोबाने सुमारे ३४ हजार लोकांची माहिती अशी दुसऱ्यांसमोर गेली असावी. शेवटी दुकान बंद ठेवून सगळं सावरावं लागलं. हल्ला बाहेरून झाला होता, पण माहिती फुटली ती बचावासाठी लावलेल्या नियमातून.

म्हणून माझं ठाम मत असं की कॅशेचा नियम लिहिणं म्हणजे कुणाला काय दिसावं याची परवानगी लिहिणं आहे. तो वेगासाठी लावला जातो, पण जबाबदारी सुरक्षेची असते. काय साठवायचं ही यादी सगळे करतात. काय कधीच साठवायचं नाही, ती यादी आधी करायला हवी.

वर्डप्रेससाठी ती यादी फार मोठी नाही. ज्या मागणीसोबत ‘वर्डप्रेस_लॉग्ड_इन’ने सुरू होणारी कुकी आली आहे, तिला कॅशेतली प्रत द्यायची नाही आणि तिच्या उत्तराची प्रत ठेवायचीही नाही. प्रतिक्रिया देणाऱ्याचं नाव लक्षात ठेवणारी कुकी आणि पासवर्ड घातलेल्या लेखाची कुकी यांनाही हाच नियम. ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ आणि लॉगिनचं पान पूर्ण वगळा. खातं, वर्गणी भरणं, पैसे भरल्यानंतरची पावती ही पानं कुकी असो वा नसो, मार्गावरूनच वगळा, म्हणजे एक कुंपण मोडलं तरी दुसरं उभं राहील. मूळ सर्व्हर ‘प्रायव्हेट’ किंवा ‘नो-स्टोअर’ म्हणाला तर ते मानायचं, हे सगळ्यात वर. एक बारकावा: ‘नो-कॅशे’ म्हणजे साठवूच नका असं नव्हे. साठवा, पण वापरण्याआधी दर वेळी मूळ सर्व्हरला विचारा, एवढंच ते सांगतं. खासगी पानाला ‘नो-स्टोअर’च हवं.

नियम लावून झाला की तो तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. संगणकावर क्रोममध्ये तुमच्या खात्याने लॉगिन करा आणि फायरफॉक्समध्ये दुसऱ्या खात्याने. दोन्हीकडे एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ हा टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा आणि यादीतल्या पहिल्या ओळीवर क्लिक करा. उत्तराच्या हेडरमध्ये ‘सीएफ-कॅशे-स्टेटस’ अशी एक ओळ दिसेल. तिथे ‘हिट’ असेल तर पान कॅशेतून आलं. ‘मिस’ असेल तर प्रत नव्हती, म्हणून मूळ सर्व्हरकडून आलं. ‘बायपास’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर ते साठवलंच जात नाही. लेखाच्या पानावर, लॉगिन नसताना, दुसऱ्या खेपेला ‘हिट’ दिसायला हवं. शेजारीच ‘एज’ ही ओळ असते, प्रत किती सेकंद जुनी आहे ते ती सांगते. खात्याच्या पानावर मात्र कितीही वेळा लोड केलं तरी ‘हिट’ दिसता कामा नये. ‘मिस’ दिसलं तरी सावध व्हा, कारण त्याचा अर्थ हे पान साठवायला पात्र मानलं गेलं आहे.

आणखी एक सापळा जाता जाता सांगतो. ओमर गिल या सुरक्षा संशोधकाने २०१७ मध्ये दाखवून दिलं की खात्याच्या पानाच्या पत्त्यापुढे अस्तित्वात नसलेलं ‘.सीएसएस’ नाव जोडलं, तर काही सर्व्हर ते शेपूट दुर्लक्षून खात्याचंच पान देतात. पुढे बसलेला कॅशे मात्र शेपटीवर विसंबून ते साधी फाइल समजून साठवतो. असा दुवा कुणी वर्गणीदाराला पाठवून त्याच्याकडून उघडून घेतला, की ते पान उचलायला मोकळा. गिल यांनी हे पेपालवर सिद्ध केलं होतं. क्लाउडफ्लेअरमध्ये यावर ‘कॅशे डिसेप्शन आर्मर’ ही सोय आहे, ती लावून घ्या.

जुन्या मजकुराचं आता. प्रती दोन ठिकाणी साठतात, क्लाउडफ्लेअरकडे आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये. पहिली तुम्ही पुसू शकता. दुसरी तुमच्या हातात नाही, साताऱ्यातल्या वाचकाच्या मोबाइलमध्ये जाऊन तुम्हाला काही पुसता येणार नाही. म्हणून पानाच्या एचटीएमएलसाठी ब्राउझरची मुदत शून्य किंवा अगदी थोडी ठेवा आणि क्लाउडफ्लेअरकडची खुशाल काही तासांची ठेवा. लेख बदलला की त्यांच्याकडची प्रत आपोआप पुसली जाईल अशी जोडणी क्लाउडफ्लेअरच्या वर्डप्रेस प्लगइनमधून करता येते. पुसलं जाणारं पान नुसतं लेखाचं असून भागत नाही, मुखपृष्ठ, विभागाचं पान आणि फीडही त्यात हवीत. वर्डप्रेसमध्ये वेगळं कॅशे प्लगइनही चालू असेल, तर आधी आतलं पुसा आणि मग बाहेरचं. उलट केलंत तर बाहेरचा कॅशे आतली शिळी प्रत घेऊन पुन्हा भरतो, आणि पुसूनही जुनंच का दिसतं म्हणून तुम्ही डोकं धरून बसता.

व्हायरल लेखाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नडते. फेसबुकवरून दुवा उघडला की पत्त्यापुढे ‘एफबीसीएलआयडी’ नावाची लांबलचक शेपटी लागते आणि ती दर वेळी वेगळी असते. कॅशेच्या दृष्टीने प्रत्येक शेपटी म्हणजे नवं पान, त्यामुळे गर्दी सगळ्यात जास्त असते नेमकं तेव्हाच प्रत सापडत नाही आणि सगळा भार तुमच्या सर्व्हरवर येतो. अशा प्रचारी शेपट्या गाळून पान शोधायला कॅशेला शिकवा. सरसकट सगळ्या शेपट्या मात्र गाळू नका. वर्डप्रेसचा शोध आणि अप्रकाशित लेखाचं पूर्वावलोकन शेपटीवरच चालतं.

अर्जाचं कोडं सोपं आहे. अनेक अर्जांच्या पानात वर्डप्रेस एक गुप्त खूण घालतं, तिला ‘नॉन्स’ म्हणतात. ती १२ ते २४ तासांत बाद होते. तुमचं पान दोन दिवस साठून राहिलं, तर पहिल्या दिवशी अर्ज जातात आणि दुसऱ्या दिवशी खूण जुनी म्हणून नाकारले जातात. ‘कधी जातो, कधी नाही’ याचं कारण बहुधा हेच. अर्जाची पानं साठवू नका, किंवा मुदत दहा तासांच्या आत ठेवा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढची तक्रार ठरलेली आहे: पहाटे सहाला लावून ठेवलेला लेख सहाला प्रसिद्ध होणार नाही. वर्डप्रेसची वेळापत्रकाची कामं कुणीतरी साइटवर आल्यावरच जागी होतात. कॅशेमुळे वाचक सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत, मग जागं कोण करणार? होस्टिंगच्या पॅनलमधून ठरल्या वेळी आपोआप चालणारा खरा क्रॉन जॉब लावा आणि वर्डप्रेसचा स्वतःचा बंद करा.

प्रश्न: क्लाउडफ्लेअर सोडून स्वतःच्याच सर्व्हरवर ‘वार्निश’ बसवावं, असं एकाने सुचवलं आहे. ते जास्त सुरक्षित असतं का?

उत्तर: वार्निश हे कॅशेचं उत्तम साधन आहे. नॉर्वेतल्या ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्राच्या साइटसाठी डेन्मार्कच्या पोल-हेनिंग काम्प यांनी ते लिहिलं आणि २००६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. वृत्तपत्राच्या गरजेतून जन्मलेलं असल्याने तुमच्यासारख्यांच्या कामाचं आहेच. त्याचा मूळ स्वभाव मला फार आवडतो: मागणीसोबत कुठलीही कुकी दिसली की ते प्रत देत नाही, मूळ सर्व्हरकडे पाठवतं. शंका असेल तर साठवू नका, हीच त्यामागची भूमिका.

अडचण अशी की गूगल अ‍ॅनालिटिक्स प्रत्येक वाचकाला कुकी देतं, त्यामुळे काहीच साठत नाही. मग वैतागून कुणीतरी सगळ्या कुकी काढून टाकण्याची ओळ लिहितं. त्या ओळीने लॉगिन मोडतं. मग लॉगिन चालावं म्हणून काही मार्गांना सूट दिली जाते, ती सूट अर्धवट राहते, आणि तुम्ही पुन्हा परवाच्याच जागी येता. काढायच्या तर अ‍ॅनालिटिक्सच्या कुकी तेवढ्या नावानिशी काढा. शिवाय वार्निशची मोफत आवृत्ती साधारणपणे एचटीटीपीएस हाताळण्यासाठी पुढे एनजिन्क्ससारखं काहीतरी बसवून चालवतात. सर्व्हर सांभाळणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर या वाटेला जाऊ नका. सुरक्षितता दोन्हीकडे नियमांतूनच येते.

प्रश्न: क्लाउडफ्लेअरची भिंत पुढे आहे म्हटल्यावर वर्डप्रेस आणि प्लगइन दर वेळी अपडेट केलेच पाहिजेत का? अपडेटनंतर मांडणी बिघडते म्हणून आम्ही टाळतो.

उत्तर: केलेच पाहिजेत. ही भिंत, म्हणजे फायरवॉल, तुम्हाला थोडा वेळ मिळवून देते, त्यापलीकडे काही नाही.

२०१७ ची गोष्ट घ्या. वर्डप्रेस ४.७ मध्ये अशी चूक निघाली की लॉगिन न करताही कुणालाही लेखांचा मजकूर बदलता यावा. वर्डप्रेसच्या मंडळींनी २६ जानेवारीला ४.७.२ ही दुरुस्त आवृत्ती काढली आणि चुकीचा तपशील जवळजवळ आठवडाभर जाहीर केला नाही. दुरुस्ती निघण्याआधीच क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्यांना कळवून त्यांच्या भिंतींवर नियम बसवून घेतले. १ फेब्रुवारीला तपशील जाहीर झाला आणि अपडेट न केलेल्या साइटवरची लाखो पानं विद्रूप झाली. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच प्रणालीचा अनुभव याहून कडक. १५ ऑक्टोबर २०१४ ला त्यांनी एका चुकीवर दुरुस्ती जाहीर केली आणि काही तासांतच यंत्रवत हल्ले सुरू झाले. सात तासांच्या आत दुरुस्ती केली नसेल तर साइट फुटली असंच धरून चाला, असं ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितलं. मांडणी बिघडण्याची भीती खरी आहे. त्यासाठी साइटची एक चाचणी-प्रत ठेवा, तिथे अपडेट करून बघा आणि त्याच दिवशी खऱ्या साइटवर करा.

भिंतीचंही नीट बघा. तुमच्या मूळ सर्व्हरचा आयपी पत्ता जुन्या नोंदींत सापडतो, मेलच्या डीएनएस नोंदीतूनही उघड होतो. तो कळला की हल्लेखोर भिंतीला वळसा घालून थेट आत येतो. सर्व्हरच्या फायरवॉलवर क्लाउडफ्लेअरच्या जाहीर आयपींखेरीज वेबसाठी कुणालाही येऊ देऊ नका. एसएसएलची निवड ‘फ्लेक्झिबल’ असेल तर आजच ‘फुल स्ट्रिक्ट’ करा. ‘फ्लेक्झिबल’मध्ये वाचकाला कुलपाचं चिन्ह दिसतं, पण क्लाउडफ्लेअरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत पासवर्ड उघडाच जातो. सर्व्हरवर वाचकाचा खरा आयपी नोंदला जातोय ना, तेही पाहा. नाहीतर सगळी वर्दळ क्लाउडफ्लेअरच्याच पत्त्यांवरून आल्यासारखी दिसते, आणि चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला रोखणारं प्लगइन त्या पत्त्यालाच रोखून बसतं. मग निरपराध वाचक बाहेर.

‘एक्सएमएलआरपीसी’ ही बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटशी बोलू देणारी वर्डप्रेसची सोय वापरत नसाल तर बंद करा. २०१४ मध्ये १ लाख ६२ हजारांहून अधिक वर्डप्रेस साइटच्या, याच वाटेने चालणाऱ्या पिंगबॅक सोयीचा वापर करून एकाच साइटवर मारा केला गेला होता आणि त्या साइटच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. लॉगिनच्या पानावर प्रयत्नांची मर्यादा घाला. यंत्रांना रोखणारे नियम लावताना पेमेंट गेटवेचा निरोप अडत नाही ना ते बघा. वर्गणीदाराचे पैसे कापले जातात आणि वर्गणी सुरू होत नाही, याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

प्रत्येक नियम एकेक करून लावा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. २ जुलै २०१९ ला खुद्द क्लाउडफ्लेअरच्या भिंतीतला एक चुकीचा लिहिलेला नियम एकाच वेळी जगभर गेला, त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर पूर्ण व्यापले गेले आणि सुमारे २७ मिनिटं असंख्य साइट बंद राहिल्या. त्यांनी त्याचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला.

आणि एक काम तंत्राचं नाही, पण ते टाळू नका. ज्या वर्गणीदाराचं नाव आणि पत्ता दुसऱ्याला दिसला, त्याला आजच फोन करून काय दिसलं, कुणाला दिसलं आणि तुम्ही काय दुरुस्त केलं ते सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अशा वेळी संबंधित माणसाला कळवण्याची तरतूद आहे. तो नियम किती दिवस लागू होता ते काढा, त्या काळात आणखी कुणी खातं उघडलं होतं ते सर्व्हरच्या नोंदींत शोधा, आणि त्या सगळ्यांनाही कळवा.